वर्ग, प्रक्षेत्र आणि वावर

धंतोलीतून सीताबर्डी ओलांडून महाराजबागेकडे जाणाऱ्या बहुतेकांना ती जागा प्राणिसंग्रहालयासाठी माहीत असते. भोसल्यांच्या जुन्या बागेत 1894 साली सुरू झालेले ते प्राणिसंग्रहालय आजही कृषी महाविद्यालयच सांभाळते, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते. त्याच आवारात 1906 साली स्थापन झालेले नागपूरचे कृषी महाविद्यालय देशातल्या पहिल्या मोजक्या कृषी महाविद्यालयांपैकी एक आहे. इथे 1888 पासून शेतकी शाळा होती, तिचेच हे वाढलेले रूप. आज ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे घटक महाविद्यालय आहे. या दोन्ही संस्थांचा इतिहास सनावळीत मांडणे सोपे आहे: अमुक साली इमारत, अमुक साली पदव्युत्तर वर्ग, अमुक साली नवे वाण. स्मरणिकांतून तो तसा अनेकदा मांडला जातोही. पण त्या सनावळीतून एक गोष्ट निसटते. शेतीचे विद्यापीठ वर्ग, प्रक्षेत्र आणि कास्तकाराचे वावर या तीन जागांवर उभे असते. विदर्भाच्या गेल्या सव्वाशे वर्षांकडे पाहिले तर दिसते की या तिन्ही जागा एकमेकींना जोडून होत्या तेव्हा संस्थेने लोकांना काहीतरी ठोस दिले. त्या तुटल्या तेव्हा कास्तकाराच्या वाट्याला नुसता बाजार आला. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे संस्थेच्या ताब्यातली जमीन. म्हणून जमिनीपासून सुरुवात करणे योग्य.

1862 हे वर्ष या कहाणीत दोनदा येते. त्या वर्षी 2 जुलैला अमेरिकेत लिंकन यांच्या सहीने मॉरिल कायदा झाला. प्रत्येक राज्याला काँग्रेसमधल्या आपल्या प्रत्येक प्रतिनिधीमागे 30,000 एकर सरकारी जमीन मिळाली. ती विकून आलेल्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढायची होती, आणि ती श्रमिक वर्गातल्या मुलांना खुली असायची होती. 1887 च्या हॅच कायद्याने या महाविद्यालयांना प्रयोग केंद्रे जोडली गेली. 1914 च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने गावोगाव जाणारी विस्तार यंत्रणा आली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार यांची ही तिकडी घडायला तिथे बावन्न वर्षे लागली. त्याच 1862 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळत नव्हता. त्यामुळे वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे साऱ्या साम्राज्याचे लक्ष लागले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडसाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचा स्वतंत्र कापूस आयुक्त नेमला गेला, 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि 1877 च्या पहिल्या दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. म्हणजे आपल्याकडे कापसासाठी आधी आयुक्त आला, मग आगगाडी, मग गिरणी. कापूस पिकवणाऱ्याच्या मुलासाठी महाविद्यालय यायला त्यानंतर जवळपास तीस वर्षे जावी लागली. पीक बाजारासाठी आधी आणि विद्येसाठी नंतर, हा क्रम विदर्भाच्या शेतीत पुढेही पुन्हापुन्हा दिसतो.

महाविद्यालय आले तेही दुष्काळाच्या धक्क्यातून. 1880 च्या दुष्काळ आयोगाने प्रांतोप्रांती शेती खाती उभारण्याची शिफारस केली. पुढे रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर यांनी हिंदुस्थानभर फिरून इथल्या शेतीवर सविस्तर अहवाल दिला. 1905 मध्ये पुसा येथे केंद्रीय संशोधन संस्था उभी राहिली आणि त्याच सुमारास पुणे, कानपूर, नागपूर, कोइमतूर, सबौर, ल्यालपूर अशी कृषी महाविद्यालयांची साखळी तयार झाली. नागपुरात महाविद्यालयाभोवती प्रक्षेत्र होते, अकोल्यातही सरकारी प्रक्षेत्र होते, आणि शेती खात्याचे अधिकारी कापसाच्या निवडीवर काम करत होते. त्यांपैकी डेव्हिड क्लाउस्टन यांच्या काळात रोझियम हा पांढऱ्या फुलांचा देशी कापूस मध्य प्रांत आणि वऱ्हाडात पसरला. त्याचा धागा आखूड, पण रुईचा उतारा भरपूर. जिनिंगवाला व्यापारी उताऱ्यावर भाव ठरवत असल्याने कास्तकाराला तो परवडला. पुढे गिरण्यांना लांब धागा हवासा झाला, 1921 मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि वेरम जातीच्या सुधारित निवडी पुढे आल्या. या प्रकरणाला दोन बाजू आहेत. खात्याने कास्तकाराच्या हिशोबाला धरून वाण दिले, ही त्याची जमेची बाजू. पण वाण निवडण्याचा निकष शेवटी जिन आणि गिरणी ठरवत होते, आणि तो निकष बदलला की कास्तकाराने पुन्हा बियाणे बदलायचे. वऱ्हाडच्या जमिनीला, तिच्या पावसाला, इथल्या कुटुंबाच्या अन्नाला काय हवे, हा प्रश्न विचारणारी स्वतंत्र जागा त्या व्यवस्थेत नव्हती.

त्या जागेच्या अभावाचे कारण रचनेत होते. महाविद्यालयातले शिक्षण पुढे 1923 मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी जोडले गेले. संशोधन शेती खात्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञांकडे आणि रसायनशास्त्रज्ञांकडे राहिले. गावात जाऊन सांगण्याचे काम त्याच खात्याच्या दुसऱ्या शाखेकडे होते आणि स्वातंत्र्यानंतर ते विकास गटांकडे गेले. प्राध्यापकाची बदली झाली की त्याचा प्रयोग अर्धा राहायचा. प्रयोग करणाऱ्याला विद्यार्थी नसत आणि विद्यार्थ्याला गाव नसे. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या विद्यापीठाचे बोंडअळीशी काही देणेघेणे नव्हते, आणि बोंडअळीशी झगडणाऱ्या खात्याचे परीक्षेशी. याचा अर्थ त्या काळात चांगली माणसे नव्हती असा नाही. मध्य प्रांताच्या शेती खात्याचा मोठा भाग याच महाविद्यालयाच्या पदवीधरांनी चालवला. पण व्यवस्थेचा कणाच तीन ठिकाणी तुटलेला असेल तर माणसांचे गुण एका मर्यादेपलीकडे कामाला येत नाहीत. त्यात 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. जुन्या मध्य प्रांताची शेती यंत्रणा विभागली गेली आणि मध्य प्रदेशाने 1964 मध्ये जबलपूरला आपले कृषी विद्यापीठ काढले. प्रांताच्या राजधानीचे नागपूर मात्र एका जुन्या महाविद्यालयापुरते उरले.

इथे पंजाबराव देशमुखांचे नाव येते, आणि ते केवळ विद्यापीठाच्या नावात आहे म्हणून येत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी 27 डिसेंबर 1898 रोजी जन्मलेल्या या माणसाने इंग्लंडात बॅरिस्टरी केली आणि वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहिला. परत येऊन त्यांनी बहुजनांच्या शिक्षणासाठी अमरावतीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. धंतोलीला लागून असलेल्या काँग्रेसनगरातले धनवटे नॅशनल कॉलेज हे त्याच संस्थेचे. संविधान सभेत ते होते आणि 1952 पासून दहा वर्षे त्यांनी केंद्रात शेती खात्याचे काम पाहिले. याच दशकात भारतीय कृषी विद्यापीठांची कल्पना आकाराला आली. राधाकृष्णन आयोगाने 1949 मध्ये ग्रामीण विद्यापीठांची शिफारस करून ठेवली होती. 1955 मध्ये आणि पुन्हा 1959 मध्ये भारतीय व अमेरिकी तज्ज्ञांच्या संयुक्त पथकांनी देशातल्या कृषी शिक्षणाची पाहणी केली आणि मॉरिल कायद्यातून उभ्या राहिलेल्या लँड-ग्रँट विद्यापीठांच्या धर्तीवर शिक्षण, संशोधन व विस्तार एका छताखाली आणण्याचा आग्रह धरला. 1960 च्या नोव्हेंबरात पंतनगर येथे पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले, त्याच्या मदतीला इलिनॉय विद्यापीठ होते. लुधियानाला ओहायोची, बेंगळुरूला टेनेसीची, महाराष्ट्राला पेनसिल्व्हेनियाची साथ मिळाली. पंजाबराव 10 एप्रिल 1965 रोजी गेले. ज्या कल्पनेच्या जडणघडणीच्या काळात ते शेती खात्यात होते, ती आपल्या वऱ्हाडात उतरलेली त्यांना पाहता आली नाही.

आणि ती सहजासहजी उतरलीही नाही. महाराष्ट्रात कृषी विद्यापीठ कुठे असावे यावरून 1967 मध्ये विदर्भ पेटला. अकोल्यातल्या आंदोलनात प्राण गेले. शेतीच्या विद्यापीठासाठी माणसांनी जीव दिल्याची घटना फार ठिकाणी सांगता येणार नाही, आणि विद्यापीठाच्या इतिहासाचे पहिले पान त्या हुतात्म्यांचेच आहे. 1968 मध्ये राहुरीला राज्याचे पहिले कृषी विद्यापीठ झाले. 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्याला विदर्भाचे विद्यापीठ स्थापन झाले. तेव्हा मुख्यमंत्री होते पुसदचे वसंतराव नाईक. 1972 मध्ये परभणी आणि दापोली ही दोन विद्यापीठे आली. एका राज्यात चार कृषी विद्यापीठे ही राजकीय तडजोड होती, अशी टीका तेव्हा झाली आणि आजही होते. तडजोड होती हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कोकणातला जांभा, मराठवाड्याचे पठार, पश्चिम महाराष्ट्राचा कालव्याखालचा ऊस आणि विदर्भाची कोरडवाहू पऱ्हाटी यांच्या गरजा एका प्रक्षेत्रावरून ओळखता येत नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीचा धान आणि बुलढाण्याची ज्वारी यांनाच एका विद्यापीठात सामावून घेताना ओढाताण होते. तेव्हा कारण राजकीय असले तरी निर्णय शेतीच्या दृष्टीने बरोबर ठरला.

नागपूरचे महाविद्यालय, अकोल्याचे महाविद्यालय आणि शेती खात्याची संशोधन केंद्रे 1969 नंतर एका छत्राखाली आली. त्याचा अर्थ समजून घ्यायचा तर संकरित कापसाचे उदाहरण घ्यावे. जगातला पहिला व्यावसायिक संकरित कापूस, एच-4, सुरतला सी. टी. पटेल यांनी 1970 मध्ये दिला. तो ओलिताखाली उत्तम यायचा, पण विदर्भाची बहुतांश पऱ्हाटी पावसावर. अकोल्याच्या शास्त्रज्ञांनी कोरडवाहूत टिकेल असा संकर शोधला आणि 1981 मध्ये पीकेव्ही (पंजाबराव कृषी विद्यापीठ) हायब्रिड-2 बाहेर पडला. अनेक वर्षे विदर्भातल्या वावरांत तो सर्वपरिचित होता. संकरित बियाणे तयार करण्याचे काम जवळून पाहिले की तिन्ही जागांचे नाते कळते. मादी ओळीतली, उद्या सकाळी उमलणार अशी फुगलेली कळी संध्याकाळी हेरायची. अंगठ्याच्या नखाने तिच्या पाकळ्या पुंकेसराच्या नळीसकट अलगद गोल फिरवून काढायच्या, मधल्या नाजूक भागाला धक्का लागू द्यायचा नाही. उघड्या राहिलेल्या त्या टोकावर रंगीत कागद चढवायचा, म्हणजे कीटक दुसरे पराग आणणार नाहीत आणि सकाळी नेमकी कोणती कळी तयार आहे ते दुरून दिसेल. दुसऱ्या दिवशी ऊन चढण्याआधी नर ओळीतली फुले खुडून त्यांचे पराग त्या टोकाला लावायचे, एका नर फुलात चारपाच कळ्या होतात. मग दोरा बांधायचा. हे काम हंगामात रोज, हजारो कळ्यांवर, बहुतेक बायांच्या हातून होते. नर-मादी वाणांची शुद्धता प्रक्षेत्रावर राखायची, पद्धत वर्गात शिकवायची आणि बीजोत्पादकाच्या शेतावर ती उतरवायची. यातली एक कडी सुटली तरी पिशवीतले बियाणे खोटे निघते. 1976 मध्ये स्थापन झालेल्या महाबीजचे मुख्यालय अकोल्यातच आहे हे त्यामुळे सोयीचे झाले. विद्यापीठाकडून पैदासकार बियाणे, त्यातून पायाभूत, त्यातून प्रमाणित, अशी ही साखळी चालत आली.

कापसाखेरीज तूर, मूग, ज्वारी, गहू, तीळ, जवस, सोयाबीन यांचे विद्यापीठाचे वाण आहेत. त्यांची यादी इथे देत नाही, कृषी संवादिनीत ती दरवर्षी छापून येतेच. एका यंत्राचा उल्लेख मात्र करायला हवा. पीकेव्ही मिनी दाल मिलने तूर आणि हरभरा गावातच भरडून डाळ करण्याची सोय लहान बचत गटाच्याही आवाक्यात आणली. मोठ्या गिरणीला तूर विकून तिचीच डाळ दुप्पट भावाने विकत घ्यायची, या जुन्या दुखण्यावर हा उपाय आहे. त्याची उपयुक्तता कोणत्याही शोधनिबंधापेक्षा मोठी आहे. तशीच शिवारफेरी. स्थापना दिनाच्या सुमारास अकोल्याच्या प्रक्षेत्रावर विदर्भभरातून कास्तकार येतात. उभी पिके पाहतात, बोंडे मोजतात, शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. कागदावरची शिफारस तिथे ओळीत उभी असते आणि ती चांगली की वाईट, हे पाहणारा स्वतःच ठरवतो. विद्यापीठाच्या साऱ्या विस्तारकार्यात मला ही फेरी सर्वात प्रामाणिक वाटते.

अमेरिकेचा साचा आपल्याला लागू पडतच नव्हता, हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. तिथे 1862 च्याच होमस्टेड कायद्याने कुटुंबाला 160 एकर मिळत होते. इथे पुष्कळ कास्तकारांचा संसार पाच एकरांवर चालतो. शिवाय तिथे वाटलेली जमीन मूळ रहिवासी जमातींकडून बळकावलेली होती, हे त्या विद्यापीठांच्या इतिहासातले सत्य आता तिथले अभ्यासकही उघड मांडतात. पण भारताने त्यातून जमिनीच्या विक्रीची युक्ती घेतली नाही. घेतली ती तिकडीची रचना, आणि तीही पुरती घेतली नाही, ही माझी तक्रार आहे. मॉरिल कायद्यात शेतीबरोबर यंत्रविद्या आणि सर्वसाधारण शिक्षणही होते. आपण शेती वेगळी काढली. नागपुरात याचे रूप चटकन दिसते. डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून 1942 मध्ये उभी राहिलेली तंत्रज्ञान संस्था अमरावती रोडवर आहे, जवळच शेतीचे महाविद्यालय आहे, आणि तेलघाणी, स्टार्च, रंग यांचा अभ्यास एका घरात तर तीळ, मका, करडई यांचा दुसऱ्या घरात चालत आला. पुढे 2000 मध्ये नागपूरला पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि 1958 पासूनचे नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तिकडे गेले. त्या विषयांना स्वतंत्र लक्ष मिळाले हा फायदा खरा. पण कास्तकाराच्या घरी गाय आणि पऱ्हाटी एकाच दावणीच्या आधाराने जगतात. त्या दोघांचे शास्त्र दोन कुलगुरूंच्या कारभारात वाटले गेले, हा तोटाही खरा.

सगळ्यात मोठी उणीव मात्र विस्ताराची. 1969 मध्ये शिक्षण आणि संशोधन विद्यापीठाकडे आले, पण गावोगावची यंत्रणा कृषी विभागाकडे आणि जिल्हा परिषदेकडेच राहिली. विद्यापीठाला विस्तार शिक्षण एवढेच मिळाले: प्रशिक्षणे, मेळावे, प्रकाशने, आणि पुढे कृषी विज्ञान केंद्रे. सेलसुरा, सिंदेवाही, सोनापूर, यवतमाळ इथल्या केंद्रांनी आपापल्या भागात काम केले आहे. पण एका जिल्ह्याला मूठभर तज्ज्ञ हे प्रमाण बोलके आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात राहणारे कृषिदूत आणि कृषिकन्या हा या तुटलेल्या ठिकाणी टाकलेला एक चांगला सांधा आहे. बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवणारी ती मुले गावाला काही देतात, आणि त्याहून जास्त घेऊन येतात. फक्त ते काम हंगामाच्या काही आठवड्यांपुरते असते. ज्या गावात यंदाची तुकडी गेली तिथेच पुढची तुकडी जाऊन मागच्यांच्या नोंदी पुढे नेईल, अशी दहा वर्षांची सलग बांधणी झाली तर त्याच कार्यक्रमातून संशोधन उभे राहील.

विद्यापीठाच्या इतिहासात दादाजी खोब्रागडे यांचे पान टाळून पुढे जाता येत नाही, आणि जाऊ नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे हे अल्पभूधारक. 1983 च्या सुमारास त्यांना आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या वेगळ्या काढून, वर्षानुवर्षे निवड करून त्यांनी बारीक दाण्याचा नवा धान सिद्ध केला आणि त्याला घड्याळाच्या नावावरून एचएमटी असे नाव पडले. पुढे सिंदेवाहीच्या संशोधन केंद्राने त्यांच्याकडून बियाणे नेले आणि 1998 मध्ये पीकेव्ही-एचएमटी हे वाण प्रसारित झाले. श्रेय कोणाचे, हा वाद त्यानंतर जाहीरपणे झाला. विद्यापीठाची बाजू अशी की शुद्धीकरण आणि चाचण्या केल्याशिवाय वाण होत नाही. हे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. पण निवडीचा मूळ डोळा दादाजींचा होता, आणि राष्ट्रीय पातळीवर त्यांचा गौरव झाला तोही त्या डोळ्यासाठीच. 2018 मध्ये ते आर्थिक ओढगस्तीतच गेले. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 चा, म्हणजे वाण बाहेर आल्यानंतरचा. कायद्याआधीही नाव देता आले असते. तिकडीची अमेरिकी कल्पना ज्ञान वर्गातून वावरात जाते असे गृहीत धरते, आणि दादाजींच्या धानाने ते वावरातून प्रक्षेत्रावर येऊ शकते हे सिद्ध केले. विदर्भाच्या विद्यापीठाने मूळ साच्यात करण्यासारखी एक स्वतःची भर कोणती, तर ही: कास्तकाराला सहसंशोधक म्हणून नावानिशी नोंदणे.

एवढे विद्यापीठ असूनही विदर्भातच आत्महत्या का, हा प्रश्न प्रत्येक व्यासपीठावर विचारला जातो, आणि त्याला टोलवून चालणार नाही. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यातला मोठा भाग सिंचन आणि कर्जाचा होता, कारण दुखणे तिथेच होते. कापसाचा भाव, सावकाराचे व्याज, अपुरे ओलीत यांपैकी एकही गोष्ट विद्यापीठाच्या हाती नाही. पण बियाणे त्याच्या हाती होते, आणि तेही सुटले. 2002 मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळीविरोधी जनुक खासगी कंपन्यांकडे होते आणि ते ज्या संकरात घातले गेले ते त्यांचेच होते. काही हंगामांतच बाजारात जवळपास फक्त बीटी संकर उरले आणि पीकेव्ही हायब्रिड-2 सारखे सार्वजनिक वाण वावरातून मागे पडले. बोंडअळीवरचा खर्च सुरुवातीला उतरला, उत्पादनही वाढले, हे नाकारता येत नाही. पण 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने तोच बीटी कापूस पोखरला आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा कास्तकाराकडे परत वळायला सार्वजनिक वाणांची बळकट फळी शिल्लक नव्हती. या काळात विद्यापीठातली पदे रिक्त राहत गेली आणि निधी पगारात संपत गेला. म्हणून आत्महत्यांसाठी विद्यापीठाला जबाबदार धरणे अन्यायाचे आहे. पण एका संपूर्ण पिकाचे बियाणे सार्वजनिक हातातून जाऊ देणे ही मात्र व्यवस्थेची चूक आहे. त्यात राज्यकर्ते आणि विद्यापीठ दोघेही आहेत.

यावर कोणी म्हणेल की नागपुरात 1976 पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, मृदा सर्वेक्षणाचे राष्ट्रीय कार्यालय आहे, संत्र्यासाठी वेगळी केंद्रीय संस्था आहे, मग राज्याच्या विद्यापीठाची गरज काय? या संस्थांचे काम मोठे आहे आणि त्यांच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. पण केंद्रीय संस्था पिकाकडे देश म्हणून पाहते. तिला पदवीचे विद्यार्थी नसतात आणि एखाद्या तालुक्याची जबाबदारी तिच्यावर नसते. कापूस, तूर, सोयाबीन, गाई, विहीर आणि कर्ज एकत्र असलेली मिश्र शेती पाहणे हे विद्यापीठाचेच काम. बाहेरून आलेले ज्ञान स्थानिक वावरात तपासून घेण्याचेही. विदर्भात पसरलेले सोयाबीन जेएस-335 हे जबलपूरचे वाण होते. सीमा ओलांडून आलेले वाण इथे चांगले चालले, आणि ते वय वाढल्यावर मागे पडू लागले तेव्हा सुवर्ण सोया, पीडीकेव्ही अंबा अशी अकोल्याची वाणे पुढे आली. ही बदली तयार असणे यालाच स्थानिक विद्यापीठ म्हणतात.

आता पुन्हा जमिनीकडे. नागपुरातले महाविद्यालयाचे प्रक्षेत्र एकेकाळी शहराबाहेर होते. आज ते शहराच्या पोटात आहे: महाराजबाग, तेलंखेडी, फुटाळा, दाभा. रस्ता हवा, उड्डाणपूल हवा, सभागृह हवे, की सगळ्यात आधी नजर या मोकळ्या हिरव्या जागेवर जाते. नागरिकांच्या सोयीसाठी थोडी जागा गेली तर काय बिघडले, शेती शहराबाहेर हलवा, हा युक्तिवाद वरवर पटण्यासारखा आहे. महाविद्यालयाची इमारत हलवता येईल, वसतिगृह हलवता येईल. पण दीर्घकालीन प्रयोगाचा तुकडा हलवता येत नाही. अकोल्याला काळ्या जमिनीत ज्वारी-गहू या क्रमावर गेल्या तीन दशकांहून अधिक काळ एकाच तुकड्यांत दरवर्षी ठरलेली खते, शेणखत, किंवा काहीच नाही, असा प्रयोग चालू आहे. जमिनीतला सेंद्रिय कर्ब किती खाली जातो, नुसता युरिया टाकून उत्पन्न कधी बसते, हे अशा तुकड्यातूनच कळते. इंग्लंडात रोथमस्टेडला 1843 पासूनचा असा तुकडा आजही राखला आहे आणि हवामानबदलावरच्या अभ्यासकांना त्याचा उपयोग होतो. वर्षे आणि नोंदी साठलेली जमीन ही प्रयोगशाळेतल्या यंत्रासारखी नवी विकत आणता येत नाही. धंतोलीतल्या पुष्कळ जुन्या घरांची मुळे वर्धा-यवतमाळकडच्या वावरांत आहेत. कसदार जमीन आणि नुसता भूखंड यांतला फरक त्यांना समजावून सांगावा लागणार नाही.

शहराचाही यात स्वार्थ आहे. नागपूरची संत्री, भाजी, दूध आणि हवा या सगळ्याला विद्यापीठाच्या या मोकळ्या जमिनीचा आणि तिच्यावरच्या कामाचा संबंध आहे. म्हणून विरोध केवळ भावनेवर उभा करू नये, कागदावर करावा. माझी विनंती महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांना आणि विद्यापीठ प्रशासनाला आहे. नागपूरच्या प्रक्षेत्रांतला प्रत्येक तुकडा, त्याचा गट क्रमांक, 1906 पासून तिथे काय पेरले, कोणते प्रयोग झाले, कोणते वाण निघाले, कोणत्या नोंदी जपल्या आहेत आणि कोणत्या हरवल्या, याची पुस्तिका मराठीत छापावी आणि ती महापालिकेला, नगररचना विभागाला व विधिमंडळाच्या सदस्यांना पाठवावी. पुढच्या वेळी या जमिनीचा काही भाग मागितला जाईल तेव्हा मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने ती पुस्तिका वाचूनच सही करावी.